भाचीच्या खांद्याला सोसणारी रायफल

मे महिन्यात एका रविवारी सकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. आमची सकाळ म्हणजे तिच्याकडं शनिवारची रात्र. नेहमी आधी आईची चौकशी, मग पाऊसपाण्याची, खरं त्या दिवशी तिनं काहीच न बोलता बाही वर सारून उजवा खांदा कॅमेऱ्यासमोर धरला. खांद्याच्या खोबणीच्या बाहेर, दंडाकडं तळहाताएवढा डाग, मधोमध जांभळा आणि कडेनं हिरवट-पिवळा पडत चाललेला. मी काही विचारायच्या आधीच ओळखलं, हा बटाचा, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचा, मार आहे. फौजेत चोवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पोरांना फायरिंग शिकवण्यात गेली, असे खांदे लई बघितलेत.

"मामा, ह्या वर्षी मी पण ह्यांच्याबरोबर हरणाच्या शिकारीला जातो म्हणतो, खरं नुसत्या तीन राऊंडात माझं हे असं झालं बघ. मला झेपेल असलं काय असतं ते तेवढं सांग की." अमेरिकेत ओहायो राज्यात बारा वर्षं झाली तरी आमच्या बेळगावकडच्या पोरी 'मी जातो'च म्हणतात, ते ऐकलं की मला बरं वाटतं.

आधी आक्काबद्दल, म्हणजे भाचीच्या आईबद्दल सांगतो. तिला हे कळल्यावर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, जसं काय मीच पोरीला हरणं मारायला पाठवालोय. आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं, भीमगडचं जंगल आमच्या शिवाराच्या पलीकडंच, लहानपणी पहाटे भाताच्या खळ्यावर झोपलेलं असताना सांबराची हाक ऐकलेली आहे. आमच्यात वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, आणि ती बंद आहे हे बरंच आहे, मी स्वतः आयुष्यात एकाही हरणावर नेम धरलेला नाही आणि धरणार पण नाही. खरं तिकडची गोष्ट वेगळी आहे. तिकडं पांढऱ्या शेपटीचं हरीण इतकं वाढलंय की ते रोज रस्त्यावर गाड्यांसमोर येतंय, मका-सोयाबीन खातंय, आणि त्याला खाणारा लांडगा, पहाडी सिंह तिथून कधीच संपलाय, म्हणून सरकारच दरवर्षी परमिट देतं, कुणी किती मारायची ते ठरवतं. पोरगीनं त्याचा रीतसर कोर्स केलाय, लायसन काढलंय, आणि मारलेलं मांस घरी खाणार आहेत. मग मामाचं काम एवढंच उरतं की तिच्या हातून ते जनावर एका गोळीत, न तडफडता पडावं. ह्यासाठीच मी हे सगळं मनापासून करालोय आणि ह्यासाठीच लिहालोय.

तर तिला तिथल्या शेतमालकानं, म्हणजे जावयाच्या ऑफिसमधल्या दोस्तानं, त्याची जुनी पंप अॅक्शन बारा बोअर शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, दिली होती आणि त्यात स्लग. स्लग म्हणजे छऱ्यांच्या जागी एकच भलामोठा शिशाचा गोळा. एक औंसाचा स्लग धरला तर तो ४३७ ग्रेन होतो. आता हे ग्रेन म्हणजे काय हे आमच्या लोकांना सांगायची एक सोपी युक्ती आहे, आपला सोनाराचा जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. मग हिशेब घरचा होतो. बारा बोअरचा स्लग जवळजवळ अडीच तोळे, आमची जुनी थ्री नॉट थ्रीची गोळी १७४ ग्रेन म्हणजे तोळ्याला तीनेक गुंजा कमी, आणि ज्या .२४३ नावाच्या काडतुसाबद्दल (आकडा म्हणजे गोळीची इंचातली जाडी) मी पुढं सांगणार आहे तिची गोळी १०० ग्रेन, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. अडीच तोळे शिसं सेकंदाला दीड हजार फुटांच्या वेगानं पुढं फेकायचं तर तेवढाच जोर मागं खांद्यावर येणार, त्यात सुटका नाही. माझी भाची पाच फूट एक इंच, वजन पन्नासच्या आत.

मी वही घेऊन बसलो आणि गणित घातलं. धक्क्याचं गणित अवघड नाही. गोळीचं वजन गुणिले वेग, त्यात दारूच्या धुराचा जोर मिळवायचा (दारू पण वजनाची असते आणि ती गोळीपेक्षा जोरात बाहेर पडते, हे लोक विसरतात), आणि त्याला रायफलीच्या वजनानं भागायचं, म्हणजे रायफल किती वेगानं मागं येणार ते कळतं, त्यावरून फूट-पाउंड, म्हणजे धक्क्याच्या ताकदीचं माप, निघतं. साडेसात पाउंडांची, म्हणजे साधारण ३.४ किलोची रायफल धरली तर बारा बोअर स्लग तीसच्या आसपास जातो. .३०-०६ स्प्रिंगफील्ड, जी अमेरिकेत घराघरात आहे, ती वीस-एकवीस. .३०८ विंचेस्टर पंधरा-सोळा. ७ एमएम-०८ तेरा-चौदा. ६.५ क्रीडमूर बारा-तेरा. .२४३ विंचेस्टर नऊ. आणि .२२३, म्हणजे आमच्या फौजेच्या इन्सास रायफलीच्या ५.५६ चं भावंड, तीन-चार. थोडंफार इकडं-तिकडं होईल, काडतूस कुठलं घेतलं त्यावर आहे, खरं आकड्यांची उतरंड हीच राहते. माझा अनुभव असा की पंधराच्या वर गेलं की नवा माणूस मनातून घाबरायला लागतो, आणि दहाच्या खाली असलं की तो धक्का विसरून नेमाकडं बघायला लागतो.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगतो कारण सगळी गोम त्यातच आहे.

नव्वदच्या आधीची गोष्ट, एका रेंजवर माझ्याकडं एक पोरगा होता, चंदगडकडचा, काटकुळा, खरं मन लावून शिकणारा. पॉइंट टू टूवर (.२२ ची, धक्का नसल्यासारखी सरावाची रायफल) त्याचा ग्रुप इतका सुंदर यायचा की पाचही भोकं एका रुपयाखाली झाकावीत. एसएलआर, म्हणजे तेव्हाची आमची मोठ्या धक्क्याची फौजी रायफल, हातात दिली आणि सगळं बिघडलं. गोळ्या खाली आणि डावीकडं, कधी टार्गेटच्या बाहेर. मी त्याच्यावर ओरडलो, श्वास धर, ट्रिगर ओढू नको, दाब, असं दहा वेळा. काही फरक नाही. मग एका जुन्या उस्तादांनी मला बाजूला नेलं आणि म्हणाले, ह्याच्या मॅगझीनमध्ये तू स्वतः राऊंड भर आणि मधेच एक ड्रिल राऊंड, म्हणजे न फुटणारा खोटा राऊंड, घाल, त्याला सांगू नको, आणि तू टार्गेटकडं बघू नको, नळीकडं बघ. तसं केलं. दोन राऊंड फुटले, तिसऱ्याला नुसतं 'टक' झालं. आणि मी बघितलं, गोळी नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं, पोराचे डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढं ढकललेला. म्हणजे तो धक्का यायच्या आधीच धक्क्याशी झगडत होता. दोष त्याच्या नेमात नव्हता, त्याच्या अंगात बसलेल्या भीतीत होता, आणि ती भीती माझ्या ओरडण्यानं वाढवली होती. ती चूक माझी होती, तिचं मला आजही वाईट वाटतं. त्याला परत आठवडाभर पॉइंट टू टूवर ठेवला, कानात नीट कापूस, एसएलआरनं दिवसाला फक्त पाच राऊंड. तो पोरगा पास झाला.

हे दचकणं म्हणजे डोळे मिटणं नुसतं नाही. अंग आपोआप करतं, आणि एकदा बसलं की निघायला महिने लागतात. कागदावर चार बोटं चुकलं तर मार्क जातात. हरणावर चार बोटं चुकलं तर गोळी पोटात बसते आणि ते जनावर रात्रभर झाडीत कळवळत मरतं. म्हणून मी भाचीला पहिलं वाक्य हेच सांगितलं, जास्त ताकदीच्या गोळीनं चुकीची जागा भरून निघत नाही. काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांची जागा आहे, पुढच्या पायाच्या मागं, धडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथं १०० ग्रेनची चांगली गोळी गेली तरी हरीण पन्नास-शंभर पावलांत पडतं. आणि तिथं नाही गेली तर तोळ्याची पण उपयोगाची नाही.

स्वीडनमध्ये ६.५ बाय ५५ नावाचं १८९४ सालचं फौजी काडतूस आहे, मवाळ धक्क्याचं, त्यानं तिथली माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ मूस मारत आलीत, मूस म्हणजे म्हशीहून उंच हरीण. आणि जिम कॉर्बेटना चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली ती .२७५ रिग्बी, तिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं १८९२ चं ७ बाय ५७ माउझरच, फक्त इंग्रजी नावाचं. ती पण खांद्याला फार त्रास देणारी रायफल नव्हे. ओहायोचं हरीण तर आपल्या चितळाच्याच अंगाचं, उन्नीस-बीस.

तर मी पहिल्यांदा तिला दोन नावं लिहून पाठवली. पहिलं .२४३ विंचेस्टर. हे १९५५ मध्ये आलं, .३०८ चंच काडतूस, फक्त मान आवळून ६ एमएमची गोळी बसवलेली. अमेरिकेतल्या निम्म्या पोराठोरांनी पहिलं हरीण ह्यानंच मारलं असेल. अट एकच, गोळी ९५-१०० ग्रेनची आणि हरणासाठी केलेली घ्यायची, दुकानात ५५-५८ ग्रेनच्या पण मिळतात, त्या कोल्ह्या-घुशींसाठी असतात, वर कातड्याजवळच फुटतात आणि आत पोचत नाहीत. दुसरं ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १९८० चं, तेच .३०८ पण ७ एमएमच्या मानेचं, १४० ग्रेनची गोळी, म्हणजे कॉर्बेटच्या रायफलीच्या जवळपास. ह्याचा धक्का .२४३ हून जास्त, खरं गोळीत दम जास्त आणि वाऱ्यात कमी ढळते. ६.५ क्रीडमूर ह्या दोघांच्या मधे बसतं आणि हल्ली सगळीकडं त्याचीच हवा आहे, चांगलंच आहे ते, खरं मला विचारलं तर दीडशे यार्डांच्या झाडीत त्याचा खास असा फायदा काही नाही. .२२३ ला मी नको म्हटलं, धक्का नाहीच म्हणा, पण नवशिक्याच्या हातात चुकीला जागा फार कमी ठेवते, आणि काही राज्यांत ते हरणाला चालतच नाही, कोलोरॅडोत तर .२४ च्या खालचं काहीच चालत नाही.

मी खुश होतो. चार पानं लिहून फोटो काढून पाठवली, .२४३ घे म्हणून खाली लाल पेनानं रेघ मारली.

दोन दिवसांनी तिचा फोन, "मामा, शेतमालक म्हणाले की ह्यातलं एक पण ओहायोत चालत नाही."

मला खरंच पटेना. मग जावयानं नियम वाचून दाखवले. ओहायोत हरणाला बाटलीसारखी मान असलेलं रायफलचं काडतूस चालत नाही. आधी तर तिथं लांब बंदुकांत फक्त शॉटगन आणि ठासणीच्या बंदुकाच चालायच्या, २०१४ पासून सरळ नळीचं काडतूस चालायला लागलं, म्हणजे खालपासून वरपर्यंत एकसारखं, मान न आवळलेलं, आणि ते पण .३५७ पासून .५० पर्यंतच्या मापाचं. कारण ऐकलं आणि मला ते पटलं, मानेच्या काडतुसाची गोळी चुकली तर लांबवर जाते, आणि सपाट शेतं, मधे मधे घरं असलेल्या मुलुखात ते धोक्याचं. त्या शेतमालकाकडं म्हणूनच बारा बोअर होती. मी मात्र कुठल्या राज्यात हे विचारायच्या आधीच रायफल ठरवून मोकळा झालो होतो. कुणी माझ्यासारखं घरच्या माणसाला सल्ला देणार असेल तर पहिलं काम हे करा, त्या जागेचा ह्या वर्षीचा नियम आधी वाचा, काडतूस नंतर.

परत वही काढली. सरळ नळीत बघायला गेलं तर .४५-७० गव्हर्नमेंट, १८७३ चं, मान खाली घालून नमस्कार करावा असं जुनं काडतूस, खरं धक्का जोरदार. .४५० बुशमास्टर तसंच, जोरदार. .४४ मॅग्नम जवळच्या अंतरावर चांगलं. .३५७ मॅग्नम रायफलीतून मारलं तर धक्का अगदी हलका, खरं शंभर यार्डांच्या आत राहावं लागतं. आणि मग सापडलं .३५० लेजंड (नावात .३५० असलं तरी गोळी .३५७ च्या मापाची, म्हणून नियमात बसतं). विंचेस्टरनं २०१९ मध्ये आणलं, अशाच सरळ नळीवाल्या राज्यांचा विचार करून. १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २३२५ फूट, दारू कमी लागते म्हणून धुराचा जोर पण कमी. गणित घातलं तर साडेसात पाउंडांच्या रायफलीत साडेआठ-नऊ फूट-पाउंड. म्हणजे .२४३ एवढंच, किंवा थोडं कमीच! बारा बोअरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गोळी मात्र .२४३ च्या दीडपट वजनाची. लांबवर ती पटकन खाली येते, दोनशे यार्डांपलीकडं मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही, खरं भाची बसणार ती जागा ओकच्या झाडीतली आहे, तिथून सगळ्यात लांबचं मोकळं दिसणारं अंतर जावयानं मोजलं, एकशे दहा यार्ड. मग अजून काय पाहिजे.

आता रायफलीबद्दल, कारण काडतूस बरोबर घेऊनही लोक इथं फसतात. दुकानदारानं तिला साडेपाच पाउंडांची छोटी रायफल दाखवली, लहान चणीच्या बाईला हलकी बरी म्हणून. दिसायला ते बरोबर वाटतं. वर मी भागाकार सांगितला तो आठवा, वजन खाली जातं तसा धक्का वर जातो, .२४३ साडेसात पाउंडांत नऊ तर साडेपाच पाउंडांत सव्वाबारा. झाडावरच्या मचाणावर बसायचंय, दिवसभर डोंगर चढायचा नाही, मग किलोभर वजन जास्त असलेलं उलट चांगलं. छोटं पाहिजे ते बट. कोपर काटकोनात वाकवून त्यात बट ठेवलं की बोटाचं पेर ट्रिगरवर आरामात आलं पाहिजे, लांब बट असलं की माणूस खांद्यात न धरता दंडावर धरतो, आणि तिचा तो जांभळा डाग बघून मी ओळखलं होतं की अर्धं दुखणं लांब बटाचंच आहे. बटाला जाड मऊ रबराचं पॅड लावून घेतलं. नळीच्या तोंडाला ब्रेक लावायचा सल्ला पण कुणीतरी दिला, त्यानं धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज इतका वाढतो की दचकणं दुसऱ्या वाटेनं परत येतं. मी नको म्हटलं.

आवाजाबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडं असतो. माझ्या डाव्या कानात गेली पंधरा वर्षं रातकिडा ओरडतो, फोन मी उजव्याच कानाला लावतो. आमच्या वेळी कापसाचा बोळा म्हणजेच सगळं. भाचीला सांगितलं, कानात बुचं आणि वरून मोठे मफ, दोन्ही, रेंजवर एक राऊंड पण त्याशिवाय नाही. माणूस जितका धक्क्याला भितो तितकाच आवाजाला भितो, हे मी शपथेवर सांगतो.

जुलै ते सप्टेंबर तिनं नुसती पॉइंट टू टू चालवली. रोज रात्री जेवणानंतर रिकाम्या रायफलीनं (दोनदा चेंबर तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत) नळीवर क्वार्टरचं नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. सुरुवातीला दहातली सात पडायची. गणपतीत फोन केला तेव्हा म्हणाली आता दहातलं एखादं पडतं. आक्का बाजूलाच मोदक वळत होती, तिनं मान वर केली नाही, खरं नंतर मला हळूच विचारलं, "खांदा बरा आहे काय तिचा?"

ऑक्टोबरच्या शेवटी .३५० ची पाळी आली. दिवसाला दहाच राऊंड, पन्नास यार्डांवर, मग शंभर. टार्गेट म्हणून जेवणाची कागदी प्लेट, म्हणजे आपल्या द्रोणापेक्षा मोठी, पत्रावळीपेक्षा लहान, बरोबर त्या आठ-नऊ इंचांची. जावयाला मी एकट्याला फोन करून सांगितलं होतं की मॅगझीन तू भर आणि मधे एक ड्रिल राऊंड घाल, तिला कळू देऊ नको, आणि व्हिडिओ काढताना प्लेटकडं नाही, नळीकडं धर.

काल रात्री तो व्हिडिओ आला. मी चष्मा लावून चार वेळा बघितला. पहिला राऊंड, रायफल जराशी मागं सरकली आणि परत जागेवर आली. दुसरा, तसाच. तिसऱ्याला 'टक' आवाज आला. नळी जागची हलली नाही. डोळा उघडा, गाल बटाला टेकलेला, बोट ट्रिगरवर तसंच दाबून धरलेलं. दोन-तीन सेकंद ती तशीच राहिली, मग रायफल प्लेटच्याच दिशेला ठेवून तिनं फक्त मान वळवली आणि जावयाला म्हणाली, "हा फुटला कसा काय नाही हो?"